पिठल्याचा थेंब आणि भिंतीचा रंग

पाहुणे येणार म्हटले की आपण बैठकीची खोली आवरतो, सोफ्यावरची चादर बदलतो, दारात रांगोळीची दोन बोटे ओढतो. स्वयंपाकघरातल्या शेगडीमागच्या भिंतीकडे मात्र पाहुण्यांची नजर जाऊ नये अशीच आपली इच्छा असते. कारण घरात काय शिजते आणि किती घाईत शिजते, हे सगळे त्या भिंतीवर लिहिलेले असते. पिठले रटरटले की त्याचे पिवळे थेंब उडतात. कुकरची शिट्टी अडली की वरणाचे कारंजे उडते. मिक्सरचे झाकण निसटले की चटणीचा सडा पडतो. आमच्या शिरूरकडे थंडीत हुलग्याचे शेंगोळे होतात. तो दाट रस्सा उकळताना दोन थेंब भिंतीला दिल्याशिवाय राहत नाही.

त्याच वेळी ओले फडके फिरवले तर काम एका मिनिटाचे. पण त्या मिनिटाला तव्यावर पोळी असते, मुलाचा डबा भरायचा असतो, नाहीतर फोन वाजत असतो. मग ते राहते. आठवडा जातो, महिना जातो, आणि थेंबाचा खडा होतो. कुणी त्यावर कॅलेंडर टांगते. ‘कालनिर्णय’ १९७३ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून तिथी आणि सणवार पाहायला किती घरांना त्याचा उपयोग झाला हे सर्वांना ठाऊक आहे. भिंतीवरचे डाग झाकायला किती घरांना झाला, याची नोंद कुठे नाही!

विषय क्षुल्लक वाटेल. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्याला विचारा. पुणे-नगर रस्त्यावरचे आमचे गाव, जुनी माणसे अजूनही त्याला घोडनदीच म्हणतात. जवळच रांजणगावची औद्योगिक वसाहत झाली आणि गावात भाडेकरूंची वर्दळ वाढली. तरुण जोडपी येतात, दोन-तीन वर्षे राहतात, बदली झाली की जातात. जाताना घरमालक स्वयंपाकघरात डोकावतो, भिंतीवर बोट ठेवतो, आणि रंगाचा खर्च डिपॉझिटमधून वजा करतो. त्याचेही अगदीच चूक नसते. पुढचा भाडेकरू आधी ओटाच पाहतो. पण ज्यांचा सगळा संसार एका टेम्पोत मावतो, त्यांना ते पैसे मोठे असतात.

पोतेऱ्याची भिंत

अशा वेळी कुणीतरी म्हणते, ‘आपल्या आज्या काय करत असतील? त्यांचा काहीतरी घरगुती उपाय असेलच.’ या प्रश्नाचे खरे उत्तर गमतीचे आहे. आपल्या आज्यांनी भिंतीवरचे डाग काढलेच नाहीत. त्यांना ते काढण्याची गरजच नव्हती.

चुलीमागची भिंत मातीची असे. पांढरी माती पाण्यात कालवायची, त्यात जुन्या लुगड्याचे पोतेरे बुडवायचे आणि चूल व भिंत पोतारून घ्यायची. काल उडालेली आमटी आज नव्या मातीखाली जाई. पुढे चुना आला. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे ‘दसरा काढतात’, म्हणजे घरातले सगळे सामान बाहेर काढून, भांडीकुंडी आणि गोधड्या धुऊन घर लख्ख करतात. त्याच वेळी भिंतींना चुना लागे. चुन्यात थोडी नीळ, चिकटपणासाठी थोडा डिंक किंवा मीठ. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो. म्हणजे दरवर्षी भिंतीला एक पातळ नवी कातडी मिळे आणि वर्षभराचे डाग तिच्या आड जात.

भिंत पुसायची नाही, नवी करायची, ही ती पद्धत होती. घासायची ती भांडी. पितळेची आणि तांब्याची भांडी राखेने, चिंचेने, नारळाच्या काथ्याने खसाखसा घासायची. जितकी घासावी तितकी ती उजळत. भांड्यांना लागू पडलेली ही सवय आपण रंगीत भिंतीला लावली, आणि तिथेच घोटाळा झाला.

केसाएवढा थर

ऑइलबाउंड डिस्टेंपर असो, प्लास्टिक इमल्शन असो की ऑइलपेंट, भिंतीवरचा रंग किती जाड असतो? दोन हात दिलेला रंग वाळल्यावर साधारण आपल्या डोक्याच्या केसाएवढा जाड राहतो. या केसाएवढ्या थराच्या खाली पुट्टी किंवा सिमेंट. तारेची घासणी चार वेळा फिरवली की डाग जातो खरा, पण सोबत रंगही जातो. मग त्या जागी पांढुरका ठिपका दिसतो, तो डागाहून जास्त डोळ्यांत भरतो. शिवाय खरवडलेली जागा खरखरीत होते आणि पुढचा थेंब तिथे अधिक घट्ट धरतो.

म्हणून या लेखात सांगायची गोष्ट एकच आहे. वाळलेले अन्न घासून काढायचे नसते, भिजवून काढायचे असते. हाताच्या जोराचे काम पाण्यावर आणि वेळेवर सोपवायचे. ही दोन्ही फुकट आहेत.

थेंबाची जात

भिंतीवर उडालेले सगळे अन्न एकसारखे वाळत नाही. त्याच्या तीन-चार जाती आहेत आणि त्या ओळखल्या की अर्धे काम झाले.

पिठले, वरण, शेंगोळ्यांचा रस्सा, भाताची पेज ही पिठाची जात. पीठ पाण्यात शिजवले की खळ होते. पूर्वी भिंतीवर जाहिराती चिकटवायला हीच खळ वापरत. तेव्हा वाळलेले पिठले म्हणजे भिंतीला लागलेली खळच. कोरडी असताना ती दगडासारखी लागते, पण पाणी मिळाले की फुगते आणि मऊ पडते. तिला पाणी प्यायला पंधरा मिनिटे लागतात, इतकेच.

गुळाचा पाक, सरबत, जॅम ही साखरेची जात. ती कोमट पाण्यात सरळ विरघळते. हिच्याशी भांडूच नये.

दूध आणि अंडे ही तिसरी जात. इथे कढत पाणी वापरले तर अंडे जसे उकडल्यावर घट्ट होते तसाच डागही घट्ट होतो. म्हणून आधी गार पाणी, मग साबण.

चौथी जात सर्वांत चिवट, फोडणीच्या तेलाची. तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपण भाकरीबरोबर जवसाची चटणी खातो. त्याच जवसाच्या तेलात पूर्वी रंग घोटून ऑइलपेंट बनवत. जवसाचे तेल पातळ पसरले की हवेतला प्राणवायू घेते आणि त्याची घट्ट कातडी बनते. करडईच्या तेलातही हा गुण आहे. चित्रकारांच्या काही रंगांत तेही वापरतात. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल थोडे सावकाश, पण शेगडीच्या उष्णतेने त्याच वाटेने जाते. म्हणजे भिंतीवर पडलेली फोडणी काही महिन्यांनी खरोखर एक प्रकारचा रंगच बनते. शेगडीवरच्या भागात पिवळट, चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ धरते, तो हाच. नुसत्या पाण्याला तो दाद देत नाही. त्याला साबण लागतो, आणि फार जुना असेल तर सोडा.

आधी भिंत ओळखा

आता भिंतीची परीक्षा. ओले बोट किंवा ओले काळे फडके भिंतीवर हलकेच फिरवा. पांढरी भुकटी बोटाला लागली तर भिंत चुन्याची किंवा साध्या, कोरड्या डिस्टेंपरची आहे. ही भिंत धुऊ नये, ओघळ उठतात. अन्नाचा खडा कोरडाच अलगद उचलावा आणि त्या जागी चुन्याचा किंवा त्याच डिस्टेंपरचा हात द्यावा. चुन्यावर लिंबू किंवा व्हिनेगर तर मुळीच लावू नये. आंबट पदार्थ चुन्याला खातो, फसफसताना डोळ्यांना दिसते.

बोट स्वच्छ राहिले आणि भिंत मंद, गुळगुळीत दिसली तर बहुधा इमल्शन किंवा चांगले ऑइलबाउंड डिस्टेंपर. तिला साबणाचे पाणी चालते, जोर चालत नाही. भिंत काचेसारखी चकाकत असेल आणि पाण्याचे थेंब घरंगळत असतील तर ऑइलपेंट. ती सर्वांत सोशिक.

तरीही कोणताही उपाय आधी फ्रिजमागे किंवा दाराआड, बोटभर जागेवर करून पाहावा आणि वाळेपर्यंत थांबावे. आमच्याच तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, हा तिथल्या शिक्षणाचा पाया. बोटभर जागेवरची ही परीक्षा म्हणजे घरातला तसाच छोटा प्रयोग. मुलांना तो करायला द्या. विज्ञानाचे पुस्तक न उघडता बरेच काही कळेल.

कपाळावरच्या पट्टीसारखी

उभ्या भिंतीला भिजवायचे कसे, हा प्रश्न उरतो. पाणी शिंपडले तर ते ओघळून ओट्यावर येते आणि थेंब कोरडाच राहतो. याला आपल्या घरात जुना तोडगा आहे. ताप आला की कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवतो, तशीच भिंतीवर ठेवायची.

आमच्या शेजारच्या भाडेकरूंची बदली झाली, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही हेच केले. ती मुलगी रडकुंडीला आली होती. ‘काकू, अडीच वर्षांचं पिठलं आहे हो या भिंतीवर. मालक सगळ्या घराचा रंग लावतील आमच्या माथी.’ भिंत फिक्या हिरव्या इमल्शनची. नवऱ्याने आधीच तारेची घासणी आणून ठेवली होती. ती मी पहिल्यांदा कपाटात टाकायला लावली.

मग असे केले. भिंतीवरच्या बटणांचा वीजपुरवठा मेन स्विचवरून बंद केला. मिक्सरच्या प्लगशेजारी ओले फडके फिरवणे म्हणजे जिवाशी खेळ. ओट्यावर वर्तमानपत्र पसरले. (भिंतीवर मात्र ओले वर्तमानपत्र लावू नका, शाई उतरते. ही पुरवणी वाचून झाल्यावर ओट्यापुरतीच वापरा.) कोरड्या मऊ फडक्याने भिंतीवरची धूळ आधी झटकली, नाहीतर ओल्या फडक्याखाली तिचा चिखल होतो. जुन्या सुती धोतराचे वीतभर तुकडे केले. तांब्याभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब घातले. तुकडे त्यात बुडवून, पिळून, डागांवर थापले. पिळलेले सुती कापड भिंतीला आपोआप चिकटून राहते. सुटू लागले तर पुन्हा ओले करायचे.

पंधरा मिनिटे आम्ही चहा घेतला. घड्या काढल्या तेव्हा बरेचसे पिठले कापडाबरोबरच आले. उरलेले खडे जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने, भिंतीला जवळजवळ आडवे धरून, अलगद उचलले. लाकडी उलथन्याची बोथट कडही चालते, सुरी नको. जे निघाले नाहीत त्यांना दुसरी घडी. काही ठिकाणी तिसरी. घाई फक्त एकदा झाली, नवऱ्याने नखाने टोकरले आणि रंगाचा पापुद्रा उडाला. त्यानंतर तोही घड्याच लावू लागला.

शेगडीवरच्या तेलकट पट्ट्याला खाण्याच्या सोड्याची मदत घेतली. दोन चमचे सोडा, थोडे पाणी, दह्याइतका दाट लेप. तो मऊ फडक्याने लावला, पाच मिनिटे ठेवला आणि न दाबता गोल फिरवत पुसला. धुण्याचा सोडा याहून पुष्कळ तीव्र. तेल तो झटकन तोडतो, पण ऑइलपेंटही मुळात तेलाचाच असल्याने त्यालाही तो सोडत नाही. म्हणून लिटरभर पाण्यात एकच चमचा, हातात रबरी मोजे, चकाकत्या ऑइलपेंटवरच, आणि दोन मिनिटांत स्वच्छ पाण्याने धुऊन काढणे. इमल्शनवर तो वापरलाच नाही.

सगळी भिंत पुसायची असेल तर साबणाचे पाणी खालून वर लावत जावे. वरून सुरुवात केली तर मळके ओघळ कोरड्या भिंतीवर उतरतात आणि त्यांच्या रेघा निघता निघत नाहीत. स्वच्छ पाण्याचे शेवटचे पुसणे मात्र वरून खाली. बोअरचे पाणी जड असेल तर हे शेवटचे पुसणे पिण्याच्या पाण्याने करावे, नाहीतर वाळल्यावर पांढरी झाक राहते. मग कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे.

दोन संध्याकाळी गेल्या. खर्च म्हणाल तर थोडा साबण आणि मूठभर सोडा. मालक आले, त्यांनी ओट्यापाशी वाकून पाहिले, हात फिरवून पाहिला. उडालेला पापुद्रा आणि एक हळदीचा डाग तेवढा दाखवला आणि तेवढ्याच भागाच्या रंगाचे पैसे घेतले. सगळ्या घराचा रंग टळला.

हळदीचे काय?

तो हळदीचा डाग का राहिला, ते सांगते. हळद हा खरा रंगच आहे. आपण तिने कापड रंगवतो. तिला साबण किंवा सोडा लागला की ती लालभडक होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच हा प्रकार. त्यामुळे पिवळा डाग पुसताना लाल झाला तर घाबरू नये. स्वच्छ पाण्याने साबण निघून गेला की पुन्हा पिवळा होतो. पण इमल्शनच्या बारीक छिद्रांत शिरलेली हळद कितीही घासली तरी निघत नाही. तिचा शत्रू एकच, उजेड. उन्हात वाळवलेल्या कपड्यावरची हळद उडते हे आपण रोज पाहतो. भिंतीवर खिडकीतून उन्हाची तिरीप येत असेल तर काही आठवड्यांत डाग फिका पडतो. नुसता उजेड असेल तर अधिक दिवस लागतात. थांबण्याइतका वेळ नसेल तर तेवढ्या भागाला प्रायमर आणि रंगाचा हात हाच उपाय. त्यासाठी घर रंगवताना उरलेला वाटीभर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून द्यावा आणि डब्यावर रंगाचा क्रमांक लिहावा.

इथे जपा

काही गोष्टी मात्र ठामपणे सांगितल्या पाहिजेत. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावण्याची टूम निघाली आहे. फेस छान येतो, पण दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि मागे जवळजवळ नुसते खारट पाणी उरते. यात फक्त पैसे वाया जातात. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड, किंवा ब्लीच आणि व्हिनेगर यांचे मिश्रण मात्र जिवावरचे आहे. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि स्वयंपाकघर बहुधा लहान आणि बंद असते. ब्लीचमध्ये अमोनिया असलेले द्रव मिसळणेही तितकेच वाईट. पांढरा जादूचा स्पंज मिळतो, तोही मुळात अतिशय बारीक पॉलिश पेपरच. डाग काढतो आणि सोबत चमकही.

दुसरी गोष्ट शिशाची. जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या भडक छटांत, शिसे असे. आपल्या सरकारने घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये केले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. तेव्हा त्याआधीचा ऑइलपेंट असलेली भिंत कोरडी खरवडू नये आणि पॉलिश पेपरने तर घासूच नये. ती धूळ रांगत्या मुलाच्या हातातून तोंडात जाते, आणि शिसे लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते. गर्भवती स्त्रियांनीही अशा कामापासून दूर राहावे. रंगाचे पोपडे निघतच असतील तर ते ओले करून उचलावेत, जमीन ओल्या फडक्याने पुसावी आणि हात साबणाने धुवावेत. इथेही घासण्यापेक्षा भिजवणेच बरे.

फडके कुणाच्या हातात?

पुढचा डाग पडू नये म्हणून फार खर्च लागत नाही. पिठल्यावर झाकण अर्धवट सरकवून ठेवावे. फोडणी देताना शेगडीमागे जुनी परात उभी टेकवावी. कुकरची शिट्टी आणि तिची नळी दर वेळी धुऊन, त्यातून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. अडलेली शिट्टी भिंतच नव्हे, घरही धोक्यात आणते. रंग काढायचाच असेल तर ओट्याच्या वर दोन-तीन फूट ऑइलपेंटचा पट्टा मारून घ्यावा. आणि रात्री शेगडी पुसून झाली की तेच फडके भिंतीवर एकदा फिरवावे.

ते कुणी फिरवायचे, हेही एकदा ठरवावे. दसरा काढायचा म्हणजे घरातल्या बाईने कंबर मोडून घ्यायची, असाच आपला रिवाज. शेजारच्या घरात त्या दोन संध्याकाळी नवराही घड्या पिळत होता, म्हणून काम झाले. पिठले सगळे घर खाते. ओली घडी भिंतीला लावून पंधरा मिनिटे थांबायला ताकद लागत नाही आणि कौशल्यही लागत नाही. दहा वर्षांचे मूल ते करू शकते आणि साठ वर्षांचे आजोबाही. आज रविवार आहे. दुपारचे जेवण झाले की मेन स्विच बंद करा, जुने धोतर फाडा, आणि ज्याने सर्वांत जास्त खाल्ले असेल त्याच्या हातात पहिला तुकडा द्या.